हवालदार आणि घरफोड्या एकाच कामावर: नाशिकच्या गल्ल्यांमध्ये घडणारी हलकीफुलकी गुन्हेकादंबरी कशी लिहावी

पोलीस आणि चोर यांना एका कामासाठी एकत्र आणणारी विनोदी कादंबरी लिहायला घेणारे बहुतेक जण आधी माणसे ठरवतात: एक तापट हवालदार आणि एक गोडबोल्या चोर. मीही तसेच केले होते आणि दीडशे पाने लिहून झाल्यावर थांबलो होतो. माझा हवालदार विसराळू होता, स्वतःच्याच बेड्यांची किल्ली हरवत होता, आणि मला ते विनोदी वाटत होते. शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त पोलिसांनी ती पाने वाचली आणि एवढेच म्हटले, की असा माणूस ठाण्यात आठवडाभरही टिकणार नाही, मग चोराला त्याची गरज का पडावी? त्या प्रश्नाने माझे लेखन बदलले. या प्रकारच्या कादंबरीत दोघेही आपापल्या कामात तरबेज असावे लागतात, आणि दोघांपैकी एकाला जे जमत नाही ते फक्त दुसऱ्यालाच जमत असावे लागते. हसू येते ते या अडचणीतून. पुढची सगळी पद्धत मी एकच उदाहरण धरून सांगतो, म्हणजे प्रत्येक पायरीवर हातात काहीतरी ठोस राहील.

चोरीची वस्तू

वस्तू लहान निवडावी. बाजारभावाने तिची किंमत थोडी असावी, पण एखाद्या घराला तिच्यावाचून चैन पडू नये. बँकेची तिजोरी किंवा हिऱ्यांचा हार घेतला, की कथेचा सूर आपोआप भारी होतो, कारण तिथे बंदुका येतात आणि बंदुकीसमोर विनोद फार वेळ उभा राहत नाही.

नाशिकमध्ये अशी वस्तू शोधायला लांब जावे लागत नाही. धुळवडीच्या दिवशी इथे वीरांची मिरवणूक निघते. देव्हाऱ्यातले वीरांचे टाक लाल कापडात गुंडाळून वाजतगाजत रामकुंडावर नेले जातात, त्यांना गोदावरीत स्नान घातले जाते, आणि बरोबर देवांची सोंगे घेतलेली लहान मुले असतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली छोटी प्रतिमा. सराफाच्या तराजूत तिची किंमत दोन-तीन तोळे चांदीइतकीच, पण धुळवडीच्या सकाळी देव्हाऱ्यातली ती जागा रिकामी असेल तर घरातल्या आजी जेवणार नाहीत. वाचकाला चोरीची बाजू घ्यायला लावायची असेल, तर त्याला अशा आजी आधी भेटवाव्यात.

आपल्या उदाहरणात हा टाक एकदा चोरीला गेला आहे, पोलिसांनी तो हस्तगत केला आहे आणि तो मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या कपाटात आहे. न्यायालयाने तो सुपूर्दनाम्यावर कुटुंबाला परत देण्याचा आदेश दिला आहे. मुद्देमाल कारकुनाचे काम पाहणाऱ्या हवालदार मंदाताई, वय ५२, लाखेचे सील तोडून पाकीट उघडतात, आणि आतला टाक तो नाही, हे त्यांना एका नजरेत कळते.

आता कागद पाहू. पोलीस पंचनाम्यात दागिना सोन्याचा किंवा चांदीचा आहे असे सहसा लिहीत नाहीत, कारण धातूची खात्री देणे हे त्यांचे काम नव्हे. ते ‘पिवळ्या धातूचे’ किंवा ‘पांढऱ्या धातूचे’ असे लिहितात. मंदाताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पंचनाम्यात ‘पांढऱ्या धातूचा टाक, एक नग, वजन अंदाजे तीन तोळे’ एवढेच आहे. पाकिटातल्या बनावट टाकालाही हे वर्णन तंतोतंत लागू पडते. म्हणजे कागदावर चोरी झालेलीच नाही, आणि मंदाताईंनी वरिष्ठांकडे जाऊन सांगितले, तरी त्यांच्याच अक्षरातला पंचनामा त्यांच्यासमोर ठेवला जाईल. सज्जन माणसाला कायद्याच्या बाहेर एक पाऊल टाकायला लावणारी अडचण अशी त्याच्याच कामातून यावी. कर्ज, आजारपण किंवा वरिष्ठांचा जाच ही कारणे मी टाळतो, कारण ती कोणत्याही माणसाला लागू पडतात आणि म्हणून या माणसाची राहत नाहीत.

दोघांमधला करार

चोराचे नाव उत्तम. कुलपे दुरुस्त करणारा, पोलिसांच्या भाषेत सराईत घरफोड्या, आणि सध्या तडीपार. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ५५ ते ५७ खाली एखाद्याला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर घालवता येते आणि ही मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. उत्तम नाशिक जिल्ह्यातून तडीपार आहे, म्हणून तो घाट उतरून कसाऱ्याला राहतो. कसारा ठाणे जिल्ह्यात येते, कल्याणकडून येणाऱ्या लोकल गाड्यांचे ते शेवटचे स्थानक आहे, आणि नाशिककडे निघालेल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जोर देणारी बँकर इंजिने तिथे जोडली जातात. या दोघांची पहिली भेट मी त्याच थांब्यावर घडवतो. गाडीला मागून इंजिन लागेपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढ्यातच मंदाताईंना बोलायचे आहे. हिसका बसला की गाडी हलणार आणि पुढच्याच स्थानकावर नाशिक जिल्हा सुरू होणार.

असा करार तीन गोष्टींनी बांधावा. दोघांना काय हवे आहे, दोघे काय करणार नाहीत, आणि करार मोडला तर कोणाचे काय जाईल. मंदाताईंना टाक हवा आहे, पण त्या खोटा कागद लिहिणार नाहीत. उत्तमला एकदा दिवसाढवळ्या आपल्या गल्लीत जाऊन आईच्या हातचे जेवायचे आहे, पण तो कोणाचेही नाव सांगणार नाही. तडीपार माणसाला तात्पुरता प्रवेश देण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि तो अर्ज कसा लिहायचा हे मंदाताईंना ठाऊक आहे. अर्जात खरे कारण लिहावे लागते, आणि खोटा कागद त्या लिहिणार नाहीत. इथपासून कादंबरी स्वतःच्या पायांवर चालू लागते, कारण पुढची प्रत्येक अडचण या ‘करणार नाही’ मधून निघते. दुसरे काहीच जमले नाही, तरी ही दोन वाक्ये लिहून टेबलासमोर चिकटवून ठेवावीत.

कायद्याचा गृहपाठ

हलक्याफुलक्या कथेत कायदा सैल चालतो, असा एक समज आहे, आणि त्याच समजुतीमुळे अनेक चांगल्या कथा फसतात. नियम जितके पक्के, तितकी पळवाट गमतीची.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुरावा कायदाही बदलला. फसवणुकीला ‘चारशेवीस’ म्हणणारी पात्रे अजूनही तसेच म्हणतील, कारण तो शब्द बोलीत मुरला आहे, पण नव्या गुन्ह्याच्या कागदावर फसवणुकीसाठी कलम ३१८ येईल आणि चोरीसाठी ३०३. त्याहून महत्त्वाचा बदल असा, की झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता बंधनकारक आहे. माझ्या कथेत जप्तीचे चित्रीकरण झालेले असते, तर बनावट टाक पहिल्याच प्रकरणात उघडा पडला असता. म्हणून टाकाची जप्ती जानेवारी २०२४ मध्ये ठेवली आणि मुख्य कथा मार्च २०२५ मध्ये. कथेचे वर्ष ठरवल्याशिवाय बेत आखायला बसू नये, एवढे यावरून पटावे.

दुसरा उपयोगी तपशील दरोड्याचा. वर्तमानपत्रांत कोणत्याही मोठ्या चोरीला दरोडा म्हणतात, पण कायद्याने पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, आणि जबरी चोरीत बळाचा वापर किंवा त्याची धमकी असावी लागते. उत्तमला हे तोंडपाठ आहे. त्याच्या कामात कोणी कोणाला हात लावत नाही, तरीही तो पाचवा माणूस घेत नाही, कारण आयत्या वेळी कोणी घाबरून धक्का दिलाच, तर सगळ्यांवर दरोड्याचे कलम लागेल. टोळीत येण्यासाठी हट्ट धरणारा पाचवा माणूस, उदाहरणार्थ उत्तमचा मेहुणा, आणि त्याला बाहेर ठेवण्याची चौघांची धडपड, यावर दोन प्रकरणे सहज चालतात. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हेही असेच लक्षात ठेवावे. उत्तम मंदाताईंसमोर इतक्या मोकळेपणाने जुन्या कामांच्या गोष्टी का सांगतो, याचे ते साधे कारण आहे.

भाषेसाठी प्रथम खबरी अहवाल वाचावेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिलेल्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, ते पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवले जातात. ‘अज्ञात इसमाने कशाच्या तरी साहाय्याने कडीकोयंडा तोडून’ ही वाक्यरचना, ‘कटावणी’, ‘हस्तगत’, ‘मिळून आला’ हे शब्द तिथे भेटतात. नावे आणि पत्ते मात्र तिथेच सोडून यावेत. ती खऱ्या माणसांची दुःखे आहेत. न्यायालयाचे कामकाज सर्वांसाठी खुले असते, तेव्हा सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात एक दिवस मागच्या बाकावर बसावे. पुकारा कसा होतो, हवालदार फाइल कोणत्या हातात धरतो, आरोपी कोणाकडे पाहतो, हे पुस्तकात सापडत नाही.

पायी फिरणे

बेत आखण्याआधी जागा पायाखालून घालावी. मी रविवार कारंजा, दहीपूल, सराफ बाजार, तिवंधा आणि नदी ओलांडून पंचवटीतला शनी चौक असा फेरा वेगवेगळ्या वेळी चार वेळा केला आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला: इथे रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि कोणीच पाहत नाही, असे काय आहे?

उत्तर रहाडीत मिळाले. रहाड म्हणजे जुन्या नाशकातला जमिनीखालचा दगडी हौद, पेशवेकाळापासूनचा. रंगपंचमीला तो रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात, म्हणजे उडी अशी घेतात की काठावरचेही भिजावेत. बाकीचे वर्षभर तो लाकडी ओंडके आणि माती टाकून बंद असतो आणि त्याच्यावरून रिक्षा, हातगाड्या, शाळेची मुले जात राहतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, उघडताना पूजा ठरलेली. वर्षातून एकदाच उघडणारी आणि भर चौकात असूनही कोणाला खणता न येणारी तिजोरी मला शोधूनही दुसरी मिळाली नसती.

टाक बदलणाऱ्याने, तो जुन्या वस्तूंचा एक प्रतिष्ठित व्यापारी आहे, खरा टाक ३० मार्च २०२४ च्या रंगपंचमीनंतर रहाड बंद होताना ओंडक्यांच्या फटीत सरकवला. गुन्हा ताजा होता, झडतीची भीती होती, आणि वर्षभराने सगळे थंड झाल्यावर रहाड उघडेल तेव्हा तो काढून घेणार होता. आता तारखा पाहाव्यात. २०२५ ची धुळवड १४ मार्चला आणि रंगपंचमी १९ मार्चला. घराला टाक हवा धुळवडीच्या सकाळी, आणि आपल्या कथेतली रहाड उघडते धुळवड झाल्यावर. या पाच दिवसांच्या अंतरावर सगळी कादंबरी उभी आहे. घड्याळ असे पंचांगातून आले की खलनायकाला फोनवरून मुदत द्यावी लागत नाही.

एक खबरदारी इथेच सांगतो. चौक, नदी, बाजार खरे असावेत. पण ज्यांच्या हातून चूक घडते ते पोलीस ठाणे, ते दुकान, ते मंडळ आणि ती रहाड काल्पनिक असावी. रहाडीशी लोकांची श्रद्धा जोडलेली आहे आणि प्रत्येक मंडळाचे रिवाज वेगळे आहेत. स्वतःची गल्ली रचली, की त्यांचा मानही राहतो आणि तारखा, मोजमापे, रंग आपल्या हातात राहतात.

ज्यांना होळीचा हंगाम नको असेल त्यांनी पावसाळा घ्यावा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून पुराची पातळी ठरवतात, आणि पाणी सराफ बाजाराकडे सरकू लागले की दुकानदार माल वर हलवतात. ऐन पावसात, सगळ्यांच्या देखत, अरुंद जिन्यांवरून दागिन्यांच्या पेट्या जात आहेत, हे दृश्य एका वेगळ्या कादंबरीचा मध्यबिंदू होऊ शकेल. संदर्भ चाळायला १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहेच.

बेत

बेताबद्दल एक नियम मी काटेकोरपणे पाळतो. जो बेत वाचकाला आधी समजावून सांगितला तो फसला पाहिजे, आणि जो साधणार आहे तो वाचकापासून लपवला पाहिजे. सांगितल्याप्रमाणेच घडले, तर वाचकाने तीच गोष्ट दोनदा वाचली असे होते. मात्र लपवलेल्या बेताचे सुटे भाग वाचकासमोर आधी येऊन गेलेले असावेत, दुसऱ्याच कामाच्या निमित्ताने.

आपल्या कथेत उत्तमचा पहिला बेत रात्रीचा आहे: चौकात मांडव घालून, त्याच्या आडोशाला ओंडका उचलायचा. तो बेत एका म्हातारबुवांमुळे फसतो, कारण त्यांना झोप येत नाही आणि ते मांडवात येऊन गप्पा मारत बसतात. ते संशय घेत नाहीत, दमदाटी करत नाहीत, फक्त चहा मागवतात. विघ्न असे प्रेमळ असले की त्याला बाजूला सारता येत नाही आणि पात्रांची फजिती वाढते.

दुसरा बेत मंदाताईंचा आहे आणि त्यात चोरी नाही. मंडळाने स्वतःहून रहाड पाच दिवस आधी उघडावी, असे कारण निर्माण करायचे. उत्तमने आधीच्या एका प्रकरणात एका घरमालकिणीची नळाची गळती दुरुस्त केलेली असते. आता तोच माणूस चौकाच्या कडेची माती ओली करतो. मंडळातल्या जाणत्यांना वाटते की हौदात पाणी झिरपत आहे आणि ओंडके कुजतील. ते उघडायचे ठरवतात, पूजा होते, आणि पोलीस बंदोबस्ताला एक महिला हवालदार नेमली जाते. चोराची कला आणि हवालदाराला असलेली गावाच्या रीतीची जाण, या दोन्हींवाचून हा बेत तडीस जात नाही. मध्यबिंदूच्या पुढचा प्रत्येक प्रसंग या कसोटीवर घासून पाहावा: दोघांपैकी एकाला वगळले तरी प्रसंग घडत असेल, तर तो काढून टाकावा किंवा नव्याने रचावा.

संवाद

वगात राजा, प्रधान, कोतवाल आणि हवालदार असतात, आणि अधिकाराची भाषा बोलणाऱ्याला साध्या प्रश्नांनी कोंडीत धरणारा सोंगाड्या असतो. या जोडीचा विनोद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि तो शिकण्यासारखा आहे, कारण सोंगाड्या कधी विनोद सांगत नाही; तो फक्त समोरच्याचा शब्द उचलून त्याच्याच हातात देतो. कसाऱ्याच्या फलाटावरचा एक तुकडा असा आहे:

“बाई, पंचनाम्यात काय लिहिलं होतं?”

“पांढऱ्या धातूचा टाक. एक नग.”

“वजन?”

“अंदाजे तीन तोळे.”

“अंदाजे?” उत्तमने कपातला चहा संपवला. “मग गेलं काय? पांढऱ्या धातूचा टाक, एक नग, अंदाजे तीन तोळे. आहे की तुमच्या कपाटात.”

इथे कोणीही हसत नाही, आणि मंदाताईंना उत्तर सुचत नाही. प्रसंग आणखी चार ओळी ओढण्याचा मोह होतो, तो आवरावा.

संबोधनांकडे विशेष लक्ष द्यावे. उत्तम सुरुवातीला ‘बाई’ म्हणतो, चारचौघांत ‘मॅडम’ म्हणतो, आणि एका प्रकरणात, त्याच्या आईच्या घरी ताट वाढले जाते तेव्हा, त्याच्या तोंडून ‘ताई’ निघते. मंदाताई त्याला ‘ए उत्तम’ म्हणतात, मग नुसते ‘उत्तम’, आणि सगळ्यात शेवटी, त्याचे अक्षर चांगले आहे हे कळल्यावर, ‘उत्तमराव’. हे बदल निवेदनात समजावून सांगू नयेत. मराठी वाचकाच्या कानाला ते नेमके कळतात.

लिहिण्याचे दिवस

पन्नास ते साठ हजार शब्द या प्रकाराला पुरतात. रोज पाचशे शब्द लिहिले तर चार महिन्यांत पहिला खर्डा होतो. प्रकरणे लहान ठेवावीत आणि प्रत्येकाच्या शेवटी परिस्थिती सुरुवातीपेक्षा बदललेली असावी. खर्डा झाल्यावर तो दोघांना वाचायला द्यावा: पोलीस खात्यात काम केलेल्या एकाला, आणि पुस्तके क्वचित वाचणाऱ्या एकाला. पहिला चुका दाखवील. दुसरा कुठे वाचायचा थांबला ते विचारावे, आणि त्या जागी कात्री लावावी.

शेवटचा हिशेब

अशा कादंबरीचा शेवट सगळ्यांना माफ करून करण्याची घाई होते. मी तसे करत नाही, कारण मंदाताईंनी एक नियम मोडला आहे आणि उत्तम परवानगीशिवाय हद्दीत आला आहे, हे वाचक विसरलेला नसतो. हलकी कथा असली तरी ज्याचे त्याला चुकते करावे लागते. रक्कम फक्त वाचकाला सोसवेल एवढी असावी. उत्तम मिरवणुकीच्या गर्दीत वीरांच्या मागे रामकुंडापर्यंत जातो, टाकाला स्नान घातलेले पाहतो, आणि त्याच दुपारी कसाऱ्याला परततो; उरलेले सात महिने तो तिथेच काढणार आहे. मंदाताई धुळवडीच्या संध्याकाळी ठाण्यात जाऊन घडलेला सगळा प्रकार स्वतःच्या नावाने लिहून देतात आणि खातेनिहाय चौकशीला तयार होतात. पहिल्या प्रकरणातला कागद त्या पुन्हा हातात घेतात. नियमाप्रमाणे ‘चांदीचा’ हा शब्द त्यांना याही वेळी लिहिता येत नाही, म्हणून कादंबरीचे शेवटचे पान मी त्यांच्या अक्षरातच ठेवले आहे:

“पांढऱ्या धातूचा टाक, एक नग. वजन काट्यावर ३४ ग्रॅम ६०० मिलिग्रॅम. घोड्यावर बसलेला वीर, उजव्या हातात तलवार, डाव्या हातात लगाम. घोड्याचा मागचा डावा पाय बोटे फिरून झिजलेला. वरच्या कडेला कुंकवाचा जुना डाग, पुसून निघत नाही.”